यीस्टला ना नाक ना जीभ, मग जहर कळतं कसं?

मागच्या मे महिन्यात काटोलजवळ मामाजींच्या संत्र्याच्या बागेत गेले होते, पावसाळ्याच्या आधीचं बोर्डो मलम लावणं चालू होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एक किलो मोरचूद (म्हणजे तांब्याचे निळे खडे, कॉपर सल्फेट) एका प्लास्टिकच्या बादलीत विरघळवायचं, एक किलो चुना दुसऱ्या बादलीत, मग दोन्ही एकत्र ओतायचं, सगळं मिळून १० लिटर पाणी, आणि तो आकाशी निळा लगदा ब्रशने झाडाच्या बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत फासायचा, डिंक्या रोगासाठी. लोखंडी बादली अजिबात चालत नाही. मामाजी ब्रश हातात घ्यायच्या आधी एक घासलेला खिळा त्यात बुडवून बघतात. वर काढल्यावर खिळ्यावर तांबूस थर दिसला तर तांबं अजून मोकळं आहे, थोडा चुना अजून टाकायचा. खिळा जसाच्या तसा निघाला की काम सुरू.

तर खिळा पुसता पुसता मामाजी म्हणाले, "काहून वो पोरी, हे निळं लावलं का बुरशी मरते. अन् तू म्हणते का पावातलं यीस्ट बी बुरशीच्याच जातीचं हाय. मंग ते यीस्ट तांब्यात जगते कसं? त्याले समजते कसं का हे जहर हाय म्हणून? त्याले ना नाक ना जीभ."

मी यीस्टवर काम केलेलं आहे, तरी तिथे उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र एकदम नेमका होता, म्हणून आता सविस्तर लिहितेय. (डिंक्या करणारा फायटोफ्थोरा शास्त्राच्या हिशोबाने खरी बुरशी नाही, पण शेतात त्याला बुरशीच म्हणतात आणि तांब्याने तो मरतो, एवढं आपल्याला पुरे.)

आधी यीस्ट म्हणजे कोण ते बघू. बेकरीत जे भुऱ्या दाण्यांचं पाकीट मिळतं त्यातला एकेक दाणा म्हणजे असंख्य पेशींचा वाळलेला गठ्ठा असतो, आणि त्यातली प्रत्येक पेशी हा एक पूर्ण जीव. आकार साधारण ५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमधे अशा २०० पेशी ओळीने बसतील. एवढ्याशा जिवात साधारण ६००० जीन (जनुकं), आणि आपल्या पेशीसारखंच केंद्रक, आपल्यासारखीच बरीचशी यंत्रणा. १९९६ मधे ज्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला असा केंद्रक असलेला पहिला जीव हाच. म्हणून जगभरात पेशीच्या आत काय चालतं हे शोधायचं असलं की लोक आधी यीस्टकडे वळतात, कारण ते स्वस्त आहे, दीड-दोन तासात दुप्पट होतं, आणि त्यातलं एकेक जीन काढून काय बिघडतं ते बघता येतं.

आता धातू. सगळे धातू वाईट नसतात हे पहिले डोक्यात बसवा. तांबं, झिंक, लोह, मँगनीज हे पेशीला लागतातच, यांच्याशिवाय कितीतरी एन्झाइम, म्हणजे पेशीतली रासायनिक कामं करणारी प्रोटीन, चालत नाहीत. फक्त प्रमाण चुकलं की तेच तांबं जहर होतं. कॅडमियम, पारा, शिसं यांचं तसं नाही, यांचा यीस्टला काडीचाही उपयोग नाही, थोडे आले तरी त्रासच. आर्सेनिक अर्धा धातू अर्धा अधातू आहे, पण वागणूक जहरीच म्हणून त्यालाही याच पंगतीत बसवतात.

मग हे धातू पेशीत शिरून करतात तरी काय? सगळी गोष्ट एका मूलद्रव्याभोवती फिरते, आणि ते म्हणजे सल्फर, आपलं गंधक.

घरी चांदीच्या तोरड्या किंवा पूजेची चांदीची भांडी काही महिन्यांत काळी पडतात ना? हवेत सल्फरचा अंश असतो, चांदी त्याला धरते आणि वर काळा थर बसतो. त्यासाठी कोणी काही करावं लागत नाही, ठेवल्या जागी होतं. धातू आणि सल्फर यांची ओढच तशी आहे. चांदी, तांबं, पारा, कॅडमियम, शिसं, आर्सेनिक, हे सगळे सल्फर दिसला की त्याला चिकटणारे.

आणि सल्फर तर पेशीत जागोजागी आहे. प्रोटीन ज्या २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात त्यातल्या दोघांत सल्फर असतो, मेथिओनिन आणि सिस्टीन. केस जळल्यावर जो तो विशिष्ट वास येतो तो या सिस्टीनमधल्या सल्फरमुळेच. सिस्टीनचा सल्फर टोकाला असतो, मोकळा, हात बाहेर काढून बसल्यासारखा. अनेक एन्झाइमचं मुख्य काम त्याच हाताने होतं. काही प्रोटीनमधे असे चार हात मिळून झिंकचा एक अणू धरून ठेवतात आणि त्यामुळे त्या प्रोटीनचा आकार टिकतो. आता आवर्त सारणीत झिंक, कॅडमियम आणि पारा एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक, म्हणजे एकाच घराण्यातले. कॅडमियम झिंकची जागा बळकावतो, पण झिंकचं काम काही करत नाही. प्रोटीन तिथेच असतं पण निकामी.

यीस्टमधे आणखी एक गोष्ट नीट दाखवली गेलीय, की कॅडमियम आणि आर्सेनिक यांचा मोठा मार नुकत्याच तयार होत असलेल्या प्रोटीनवर बसतो. प्रोटीन आधी धाग्यासारखं बनतं आणि मग त्याची घडी पडते. घडी पडून झाली की बरेच सल्फर आत झाकले जातात, पण घडी पडायच्या आधी सगळे उघडे. तेव्हा धातू येऊन चिकटला की घडी चुकते, चुकलेली प्रोटीनं एकमेकांना चिकटून गोळे होतात. शिवाय २००३ मधे यीस्टवरच्याच कामातून कळलं की कॅडमियम डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बंद पाडतो, म्हणजे नवीन चुका होतात त्या तशाच राहून जातात. कॅडमियममुळे माणसाला कॅन्सर का होतो याचा एक धागा तिथे सापडला.

हे आत येतात कसे तेही बघा. यीस्टने कॅडमियमसाठी दार ठेवलेलं नाही. पण झिंक आणायचं दार आहे, मँगनीज आणायचं दार आहे, आणि कॅडमियम त्यातूनच घुसतो. आर्सेनिकचं एक रूप फॉस्फेटसारखं दिसतं, ते फॉस्फेटच्या दारातून येतं, दुसरं रूप ग्लिसरॉलच्या दारातून. पेशी दारं कायमची बंद करू शकत नाही कारण मग झिंक आणि फॉस्फेटवाचून मरेल. हा पेच मला अजूनही अवघड वाटतो, जगायला जे लागतं त्याच रस्त्याने जहर येतंय.

आता मामाजींच्या प्रश्नाकडे. कळतं कसं?

पेशीत काही प्रोटीन अशी आहेत ज्यांच्यावर सल्फरचे मोकळे हात मुद्दाम एका ठिकाणी गोळा झालेले आहेत. धातू येतो, इतर प्रोटीनला जसा चिकटतो तसाच यांनाही चिकटतो. पण बाकीच्यांचं चिकटल्यावर काम थांबतं, आणि यांचं चिकटल्यावर काम सुरू होतं. ज्या चाव्याने जहर चढतं तोच चावा इथे घंटा वाजवतो. म्हणून वेगळं नाक, वेगळी जीभ लागतच नाही. मामाजींचा खिळा आठवा, खिळ्याला कुठे कळतं पाण्यात तांबं मोकळं आहे ते, तांबं त्याच्यावर बसतं, रंग बदलतो, आणि त्या बदलावर पुढचं ठरतं. यीस्टमधे असे खिळे आहेत, धातूनुसार थोडे वेगवेगळे.

तांब्याचा खिळा सगळ्यात स्वच्छ समजलेला आहे. त्या प्रोटीनचं नाव एस-१. तांबं कमी असताना याचा पुढचा भाग ढिला, लोंबता, डीएनएवर बसायच्या लायकीचा नसतो. आत तांबं वाढलं की चार अणू येऊन त्याच्या सिस्टीनमधे अडकतात आणि तो ढिला भाग मुठीसारखा आवळला जातो. शास्त्रज्ञ त्याला खरंच तांब्याची मूठ म्हणतात. मूठ आवळली की एस-१ डीएनएवर नेमक्या जागी जाऊन बसतो आणि कप-१ नावाचं जीन जोरात चालू करतो.

कप-१ पासून एक छोटं प्रोटीन बनतं, ५३ अमिनो आम्लांचं, पण त्यातले १२ सिस्टीन. एवढ्या छोट्या अंगावर एवढा सल्फर, म्हणजे हा नुसता धातू धरून बसायलाच बनलेला आहे. एक प्रोटीन तांब्याचे सात-आठ अणू पोटात घेऊन गुंडाळून बसतं, मग ते अणू बाकी कोणाला चावू शकत नाहीत. अशा प्रोटीनना मेटॅलोथायोनिन म्हणतात, आणि पहिलं मेटॅलोथायोनिन १९५७ मधे घोड्याच्या किडनीत सापडलं होतं. आपल्या लिव्हर आणि किडनीतही ती आहेत.

यीस्ट तांब्याबाबत किती कडक आहे बघा. १९९९ मधे झालेल्या कामातून असं दिसलं की साध्या परिस्थितीत यीस्टच्या पेशीत तांब्याचा एक अणूसुद्धा मोकळा नसतो, प्रत्येक अणू कोणत्या ना कोणत्या प्रोटीनच्या हातात. एकाने आणायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, त्याने पुढच्याला. आपल्याकडे आजी लोक कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नव्हत्या, कळकतं म्हणून, म्हणजे आंबटात तांबं मोकळं सुटतं म्हणून. पेशीच्या आत तर प्रत्येक अणूला कल्हई आहे असंच म्हणावं लागेल.

हे मी डोळ्याने बघितलंय म्हणून जरा रमते इथे. एमएस्सीला असताना प्रोजेक्टमधे मोरचूद घातलेल्या प्लेटवर यीस्ट वाढवायचं होतं. प्लेट म्हणजे काचेची बशी, त्यात अगार, घट्ट खळीसारखा, मोरचुदामुळे किंचित निळसर. त्यावर यीस्टच्या पाण्याचे ५ मायक्रोलिटरचे थेंब टाकायचे, पहिला थेंब दाट, मग दहापट पातळ, मग त्याच्याही दहापट, असे ओळीने. वरची ओळ साध्या यीस्टची, खालची ओळ ज्यातून कप-१ काढून टाकलंय त्याची. यीस्टला ३० डिग्री लागतं. आता नागपूरचा मे महिना, लॅबमधे कूलर चालू असून खोलीच ३८-४० ला, आणि साधा इनक्युबेटर फक्त गरम करू शकतो, थंड नाही. त्यामुळे थंड करणारा बीओडी इनक्युबेटर लागतो आणि त्याच्यासाठी सगळ्यांची रांग. माझ्या पहिल्या प्लेट रात्री लाइट गेल्यामुळे वाया गेल्या, कारण उष्णता हाही एक ताण आहे, मग तांब्याने काय झालं आणि गर्मीने काय झालं हे वेगळं करता येत नाही. दुसऱ्या वेळी जमलं. दोन दिवसांनी झाकण काढलं तर पावासारखा गोडसर आंबूस वास, आणि वरच्या ओळीत प्रत्येक थेंबाच्या जागी यीस्ट उगवलेलं, पण पांढरं नाही, चक्क तपकिरी! साध्या प्लेटवर तेच यीस्ट सायीसारखं पांढरं होतं. हा तपकिरी रंग तांबं आणि सल्फर मिळून झालेल्या कॉपर सल्फाइडचा, पेशीच्या अंगावर बसलेला. खालच्या ओळीत फक्त पहिल्या दाट थेंबाच्या जागी पुसट डाग, पुढे काहीच नाही. एक जीन नाही तर पूर्ण ओळ रिकामी. मी ती प्लेट उजेडात धरून किती वेळ बघत बसले होते.

कप-१ ची अजून एक गंमत आहे. काही यीस्टमधे हे जीन एकदाच असतं, काहींत एकापुढे एक लागून दहाहून जास्त वेळा. जितक्या जास्त प्रती तितकं जास्त तांबं सोसतं. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधे बोर्डोच्या द्राक्षबागांत मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद-चुन्याचं मिश्रण पुढे आणलं, नाव तिथूनच पडलं. त्यानंतर द्राक्षावर पिढ्यानपिढ्या ते फवारलं गेलं, आणि वाइनच्या यीस्टमधे कप-१ च्या जास्त प्रती बऱ्याचदा सापडतात. म्हणजे मामाजी, तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथेच सुटतो, तांब्याने बुरशी मरते पण ज्याच्याकडे हे प्रोटीन भरपूर आहे तो टिकतो.

कॅडमियमची तऱ्हा वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त विचार करायला लावणारी.

इथला मुख्य खिळा याप-१. हा प्रोटीन एरवीही केंद्रकात जात असतोच, पण आत गेला की लगेच बाहेर काढला जातो. दवाखान्यात भेटायची वेळ संपली की वॉर्डातला माणूस येऊन बाहेर चला म्हणतो ना, तसा एक दुसरा प्रोटीन याप-१ च्या अंगावरची बाहेर काढायची खूण बघतो आणि त्याला घेऊन जातो. कॅडमियम आला की याप-१ च्या सिस्टीनना धरतो, त्याचा आकार बदलतो, आणि ती खूण झाकली जाते. बाहेर काढणाऱ्याला खूणच दिसत नाही, याप-१ आत साचतो, आणि डीएनएवर बसून बरीच जीन चालू करतो. नवीन काही बनवायला वेळ घालवावा लागत नाही, माणूस आधीच दारात ये-जा करून राहिला होता, त्याला फक्त आत थांबू द्यायचं, त्यामुळे हे काही मिनिटांतच होतं.

याप-१ जे चालू करतो त्यात दोन कामं महत्त्वाची. पहिलं, ग्लुटाथायोन वाढवणं. ग्लुटाथायोन हा तीन अमिनो आम्लांचा छोटा तुकडा, मधला सिस्टीन. म्हणजे परत सल्फरचा मोकळा हात, पण हा कोणत्या एन्झाइमचा भाग नाही, धातूने याला धरलं तरी कोणाचं काम अडत नाही. दोन ग्लुटाथायोन मिळून एका कॅडमियमला दोन बाजूंनी पकडतात. दुसरं काम, वायसीएफ-१ नावाचा पंप. यीस्टच्या पोटात व्हॅक्युओल नावाची एक मोठी पिशवी असते, आतून आंबट, कचरा आणि साठा दोन्ही तिथे. हा पंप त्या पिशवीच्या पडद्यात बसलेला असतो आणि एटीपीची (पेशीच्या इंधनाची) ऊर्जा खर्चून दोघांनी पकडलेला कॅडमियम आत ढकलतो. पारा, शिसं, आर्सेनिक यांनाही ग्लुटाथायोनने धरलं की हाच पंप नेतो. १९९४ मधे हे जीन सापडलं, आणि रचना बघितल्यावर ते माणसाच्या दोन प्रोटीनशी जुळलं, एक सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात बिघडणारं आणि दुसरं कॅन्सरच्या गाठीला केमोची औषधं बाहेर फेकायला मदत करणारं एमआरपी-१. पुढे १९९६ मधे माणसाचं एमआरपी-१ यीस्टमधे घातलं तर वायसीएफ-१ नसलेलं यीस्टसुद्धा कॅडमियम सोसायला लागलं. बेकरीतल्या पाकिटातल्या जिवाचं काम माणसाच्या प्रोटीनने केलं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता.

आता अडचण अशी की प्रत्येक कॅडमियममागे दोन ग्लुटाथायोन, म्हणजे दोन सल्फर, पिशवीत गेले. धातू जास्त असेल तर सल्फर संपत जातो, आणि सल्फर तर रोजच्या प्रोटीनलाही लागतो. मग यीस्ट काय करतं? घरात लग्न निघालं की आई कशी बाकी खर्च आवरते, पाहुण्याला साधी साखर चालेल, केशर मांडवासाठी ठेवा, तसं. २००२ मधे फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की कॅडमियम आल्यावर यीस्ट ज्या प्रोटीनमधे सल्फर जास्त आहे ती बनवणं कमी करतं आणि त्याच कामाची कमी सल्फरवाली दुसरी प्रोटीन बनवायला घेतं. सगळ्यात सुंदर उदाहरण पीडीसीचं. पीडीसी म्हणजे ते एन्झाइम ज्यामुळे कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पाव फुगतो. याचे यीस्टकडे वेगवेगळे नमुने आहेत, एरवी पीडीसी-१ चालतो, पीडीसी-६ जवळजवळ बंदच. कॅडमियम आला की पीडीसी-६ चालू, कारण त्यात सल्फर खूप कमी. काम तेच, खर्च कमी. अशा अदलाबदलीतून प्रोटीनवर लागणारा सल्फर साधारण ३० टक्के वाचतो आणि तो सगळा ग्लुटाथायोनकडे वळतो. पूर्वी लोकांना कळत नव्हतं की एकाच कामाची इतकी जवळजवळ सारखी जीन यीस्टने कशाला बाळगली असतील, त्यातल्या काहींचं उत्तर हे निघालं.

हा सल्फरचा सगळा कारभार ज्या प्रोटीनच्या हातात आहे तो मेट-४. सल्फर पुरेसा असताना मेट-३० आणि त्याचे साथीदार मेट-४ च्या अंगावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रोटीनची साखळी चढवून त्याला दाबून ठेवतात. कॅडमियम आला की मेट-३० साथीदारांपासून सुटून वेगळा होतो, साखळी चढणं थांबतं, मेट-४ मोकळा होतो आणि बाहेरून सल्फर आत ओढण्यापासून सिस्टीन बनवण्यापर्यंतची पूर्ण साखळीच चालू करतो. त्यासोबत पेशी विभाजनही थांबवते. हे थांबणं म्हणजे हार मानणं नाहीये, डीएनएची नक्कल करताना चुका होऊन त्या दुरुस्त होणार नसतील तर आत्ता नक्कल न करणंच शहाणपणाचं. घडी चुकलेली प्रोटीन सरळ करणारी चॅपेरोन प्रोटीनही याच वेळी वाढतात, उष्णतेच्या ताणात वाढतात त्यातलीच बरीचशी.

आर्सेनिकबद्दल थोडक्यात सांगते. त्याचा वेगळा खिळा आहे, याप-१ चाच नातेवाईक याप-८, जो आर्सेनिकला थेट आपल्या सिस्टीनने ओळखतो आणि आर्सेनिक पेशीबाहेर फेकणारा एसीआर-३ हा पंप चालू करतो. आणि ज्या ग्लिसरॉलच्या दारातून तो येतो ते दार बंद करायला हॉग-१ नावाची यंत्रणा धावते, जी एरवी मीठ जास्त झालं की जागी होते. बंगाल आणि बांगलादेशात बोअरच्या पाण्यातून आर्सेनिक लोकांच्या पोटात जातंय, त्यामुळे हे दार-पंपाचं गणित नुसतं पुस्तकी नाही.

एक गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. यीस्टकडे कॅडमियम पेशीच्या बाहेर फेकणारा पण एक पंप आहे, पीसीए-१. पण जगभरच्या लॅबमधे जी यीस्टची जात जास्त वापरली जाते तिच्यात नेमका हा पंप एका अक्षराच्या चुकीने बंद पडलेला, त्यामुळे बरीच वर्षं त्याचं हे काम कोणाच्या लक्षातच आलं नाही. २००७ च्या सुमारास दुसऱ्या जातीत तो चालू सापडला. आणि त्याची पद्धत तर अजूनच वेगळी, कॅडमियम नसताना पेशी हा पंप सतत बनवते आणि सतत मोडून टाकते, बनव आणि मोड. कॅडमियम आला की तो पंपालाच चिकटतो आणि मोडणं थांबतं, पंप टिकतो, पडद्यावर जाऊन बसतो. वरवर बघितलं तर किती नासाडी! पण संकट आल्यावर बनवायला घेण्यापेक्षा बनवलेलं फेकणं थांबवणं लवकर होतं. इथेही खिळा तोच, धातू स्वतःच चिकटून सांगतो की मी आलोय.

आपल्या नागपूरला हे सगळं लांबचं वाटू नये. कोराडी-खापरखेड्याचा कोळसा जळतो त्याच्या राखेत आर्सेनिक, शिसं, पारा यांचा अंश असतोच, कोळशातच असतो तो. जुन्या बॅटऱ्या गल्लीत फोडतात त्यातलं शिसं, निकेल-कॅडमियम सेल कचऱ्यात टाकतो ते. आणि आपल्या पेशीही तेच करतात, ग्लुटाथायोन, मेटॅलोथायोनिन, पंप. फरक एवढाच की यीस्ट दोन तासात नवीन पेशी बनवतं आणि आपली किडनी तीच राहते, एकदा बसलेला कॅडमियम तिथून अर्धा व्हायला १० ते ३० वर्षं लागतात. जपानमधे जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतला कॅडमियम भातात गेला आणि बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या रोगाचं नावच इताई-इताई पडलं, म्हणजे दुखतंय दुखतंय. १९६८ मधे सरकारने ते प्रदूषणामुळे झाल्याचं मान्य केलं.

यीस्टचा उपयोग धातू काढायला होईल का, हे लोक मला नेहमी विचारतात. काही प्रमाणात होतो. यीस्टच्या भिंतीवर असे गट असतात की धातू तिथेच अडकतात, त्यासाठी पेशी जिवंतही लागत नाही, मेलेलं यीस्टसुद्धा पाण्यातला धातू धरतं. २००३ मधे वायसीएफ-१ चं जीन एका झाडात घालून बघितलं तर ते झाड शिसं आणि कॅडमियम जास्त सोसायला आणि साठवायला लागलं. पण धातू संपत नाही, हे इथे पक्कं लक्षात ठेवा. औषध तोडता येतं, साबण तोडता येतो, कॅडमियमचा अणू तोडणारं एन्झाइम कोणाकडेच नाही. यीस्ट त्याला पिशवीत ठेवतं, गुंडाळतं, बाहेर फेकतं, आणि पेशी मेली की पिशवी फुटून तो परत पाण्यात. म्हणून धातू धरलेलं यीस्ट असो की झाड, ते गोळा करून नीट बाजूला ठेवावं लागतं, नाहीतर केलेलं सगळं फुकट.

हे फोनवर मामाजींना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग इतके वर्स आम्ही लावून राहिलो ते मोरचूद गेलं कुठं?" युरोपातल्या जुन्या द्राक्षबागांत ते वरच्या मातीतच साचलेलं मोजलं गेलंय, तुमच्याही मातीत असणार, म्हणून माती तपासायला द्या आणि उरलेलं मलम विहिरीजवळ ओतू नका, असं मी सांगितलं. बादल्या आतापर्यंत विहिरीपाशीच धुवत होते. पुढच्या वेळी गेले तेव्हा बुंध्याजवळची मूठभर माती त्यांनी कागदात बांधून ठेवलेली होती, ह्यात तुहं यीस्ट सापडते का पाय म्हणून.